शनिवारी निघायचंय आणि परमिट नाही: एका जोडप्याच्या आयत्या वेळच्या ट्रेकची आखणी

मागणी सरळ होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणारं तिशीतलं जोडपं, ऑगस्टमधला शनिवार, रविवार आणि रजा टाकलेला सोमवार, दोन रात्री तंबूत, सगळं सामान पाठीवर. ठिकाण योसेमिटी, कॅलिफोर्नियातलं राष्ट्रीय उद्यान; तिथे रात्री रानात राहायला परमिट लागतं. परमिट नाही. हे मला कळलं बुधवारी संध्याकाळी. पुढच्या आठवड्यात तिचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी नागपूरहून येणार होते, म्हणून "नंतर कधीतरी" हा शब्द दोघांनाही नको होता.

तो माझा मावसभाऊ. हक्काने "ताई, तू सांग कुठे जाऊ" म्हणणारा. ती अजून मला "तुम्ही" म्हणते. ही बाब इथे महत्त्वाची आहे, कारण पहिल्या फोनवर फक्त तोच बोलत होता आणि आखणी अर्धी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिला काय हवंय ते कुणी विचारलेलंच नाही. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला एक तळं हवंय आणि गर्दी नको. योसेमिटीच पाहिजे असं काही नाही." या एका वाक्याने अर्धं काम झालं. योसेमिटीचा हट्ट त्याचा एकट्याचा होता, आणि तोही फोटोंपायी.

दोघं धडधाकट. ती हाफ मॅरेथॉन धावते. गाडी शेजारी लावून केलेलं कॅम्पिंग सोडलं तर तंबूत कधी राहिलेली नाही. तो पुण्यात कॉलेजला असताना राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनगड करत फिरलेला. त्यामुळे आत्मविश्वास भरपूर, आणि माझी काळजी नेमकी तिथेच होती. सह्याद्री माणसाला पुष्कळ शिकवतो: घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, उन्हात पाणी कसं पुरवायचं, अंधारात वाट कशी शोधायची. पण घर पाठीवर घेऊन चालायला तो शिकवत नाही. गडावर टाकं असतं, निजायला गुहा किंवा देऊळ असतं, पायथ्याच्या गावात कुणीतरी पिठलं-भाकरी वाढतं. योसेमिटी ज्या डोंगररांगेत आहे त्या सिएरा नेवाडात यातलं काहीच नाही. दुसरा मुद्दा उंचीचा. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. आम्ही शेवटी जे ठिकाण निवडलं, तिथला गाड्या लावायचा तळच जवळजवळ २,२०० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच माथ्याच्याही पाचशे मीटर वर गेल्यावर चालायला सुरुवात.

"कोण विचारतंय तिथे?"

हा प्रश्न त्याने विचारलाच. परमिट न घेता जायचं, संध्याकाळ झाली की वाटेपासून जरा आत तंबू ठोकायचा, सकाळी आवरून निघायचं. आपल्याकडे गडावर मुक्काम करताना अशा गोष्टी बऱ्याच वर्षांपासून चालत आल्यात, म्हणून त्याला यात वावगं वाटत नव्हतं.

मी त्याला नीतीचे धडे दिले नाहीत. योसेमिटीत रेंजर वाटेवर भेटतात आणि परमिट बघायला मागतात. राष्ट्रीय उद्यानाचा नियम मोडणं हा फेडरल गुन्हा ठरतो. कायद्यात ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना एक चिठ्ठी आणि दंड मिळतो, तुरुंगात कुणी पाठवत नाही. पण ही चिठ्ठी म्हणजे साइटेशन, आणि हे दोघं एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या अर्जात अटक, आरोप आणि साइटेशन यांबद्दल थेट प्रश्न असतो. दोन रात्रींच्या मुक्कामासाठी पुढे आयुष्यभर प्रत्येक अर्जात "हो" वर खूण करायची आणि खुलासा जोडायचा. वकिलाच्या तासाभराच्या फीत दोघांचा नवा तंबू येईल. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. परमिटवर तुम्ही कुठून शिरणार, किती जण, कोणत्या रात्री कुठे, कधी बाहेर, हे लिहिलेलं असतं. कुणी परत आलं नाही तर शोध तिथूनच सुरू होतो. लपून गेलेल्याला शोधायला जायचं कुठे?

कोटा, परमिट आणि मोकळीक

कॅलिफोर्नियातली जंगलं परमिटच्या बाबतीत तीन तऱ्हेची आहेत, आणि आयत्या वेळी ठरवणाऱ्याने आधी हे तीन ढीग वेगळे करावेत. पहिल्यात कोटा असतो: रोज अमुक माणसांनाच अमुक वाटेने आत सोडतात. दुसऱ्यात परमिट लागतं पण कोटा नसतो; नाव-गाव, तारीख, वाट लिहून द्या आणि जा. तिसऱ्यात मुक्कामाचं परमिटच नाही. लोक पहिल्या ढिगात जागा नाही म्हणून घरी बसतात किंवा चोरून जातात, आणि दुसरा ढीग त्यांना दिसतच नाही. मला या साऱ्या प्रकरणातून सांगायचं आहे ते एवढंच.

पहिला ढीग आम्ही तरीही तपासला, कारण न तपासता नाही म्हटलं असतं तर भावाला चुटपुट लागून राहिली असती. योसेमिटीत प्रत्येक वाटेच्या कोट्यातला ६० टक्के भाग २४ आठवडे आधी लॉटरीने जातो. उरलेला ४० टक्के निघायच्या सात दिवस आधी सकाळी सात वाजता रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या साइटवर खुला होतो. शनिवारसाठीचा हा दरवाजा आदल्या शनिवारी उघडून बंदही झालेला होता. बुधवारी रात्री साइटवर त्या तारखेला उरलं होतं ते उद्यानातल्या 'हेच हेची' (Hetch Hetchy) नावाच्या खोऱ्याच्या बाजूचं, कमी उंचीवरचं. ऑगस्टात तिथला खडक भाजून काढतो. म्हणूनच ते उरलं होतं. तळी, हिरवळ आणि थंड हवा असलेल्या, उद्यानाच्या उंच भागातल्या टुअलमीच्या बाजूच्या साऱ्या वाटा भरलेल्या.

डेसोलेशन वाइल्डरनेस (वाइल्डरनेस म्हणजे कायद्याने राखलेलं, रस्ते-इमारती नसलेलं रान) लेक टाहोच्या कुशीत, गाडीने जवळ. तिथे कोटा विभागवार असतो, पहिली रात्र कुठे काढणार त्यावर. भरलेला. पूर्वेकडचं इनयो राष्ट्रीय वन सगळ्यांत देखणं; तिथला ४० टक्के भाग दोन आठवडे आधी खुला होतो, शिवाय कुणीकुणी रद्द केलेली परमिटं अधूनमधून दिसतात. पण तिथल्या बिशप गावापर्यंत गाडी हाकायला सहा तास तरी धरायचे. शुक्रवारी ऑफिस करून कुणी सहा तास गाडी चालवून सकाळी तीन हजार मीटरवर चढायला लागणार असेल तर त्याला मी वाट दाखवत नाही. दमलेल्या ड्रायव्हरने रात्री खिंड ओलांडणं हा अशा सहलींतला सर्वांत धोक्याचा तुकडा आहे. अस्वलं त्या मानाने निरुपद्रवी.

तिसऱ्या ढिगात बिग सरच्या किनाऱ्यामागचं व्हेंटाना वाइल्डरनेस. रात्रीच्या मुक्कामाला परमिट नाही. पण ऑगस्टात ऊन आणि जागोजागी पॉयझन ओक, अंगाला लागलं की खाज आणि फोड आणणारं झुडूप. नवख्या जोडप्याची पहिली सहल तिथे नेली तर ती शेवटचीही ठरायची.

म्हणून दुसरा ढीग. त्यात उत्तरेला ट्रिनिटी आल्प्स, फुकट परमिट, अप्रतिम तळी, पण बे एरियातून पाच तासांच्या वर. सोनोरा आणि एबेट्स खिंडींच्या मधलं कार्सन-आइसबर्ग. आणि त्याच्या दक्षिणेला इमिग्रंट वाइल्डरनेस.

नकाशावर इमिग्रंटची दक्षिण सीमा बघितली की भावासारख्यांची तोंडं बघण्यासारखी होतात, कारण सीमेपलीकडे योसेमिटीच आहे. तोच ग्रॅनाइट, तशीच तळी, तसेच पाइन. रेषेच्या अलीकडे राष्ट्रीय वन, पलीकडे राष्ट्रीय उद्यान, एवढाच फरक. १,१३,००० एकरांच्या आसपासचा हा प्रदेश १९७५ मध्ये वाइल्डरनेस म्हणून राखीव झाला. नाव पडलं ते १८५२ मध्ये इथून वाट काढत कॅलिफोर्नियात उतरू पाहणाऱ्या स्थलांतरितांच्या तांड्यावरून. रात्रीच्या मुक्कामाला परमिट लागतं, ते मोफत मिळतं आणि कोटा नाही. गंमत अशी की इथून रीतसर परमिट घेऊन निघालेला माणूस चालत चालत योसेमिटीतही शिरू शकतो. जिथून सुरुवात तिथलं परमिट पुढे चालतं. तीन दिवसांत ते जमण्यासारखं नव्हतं, पण हे ऐकून भावाचा योसेमिटीचा हट्ट बराच निवळला.

वाट कुठली?

स्टॅनिस्लॉस राष्ट्रीय वनात हायवे १०८ वरून इमिग्रंटमध्ये शिरायच्या तीन वाटा विचारात घेतल्या. केनेडी मेडोज: खालून सुरुवात, धरणापर्यंत चढ, घोड्यांची बरीच ये-जा आणि धूळ. जानेली केबिन: सुंदर, पण सुरुवातच २,६०० मीटरच्या आसपास. समुद्रसपाटीवरून आदल्या रात्री आलेल्यांना ती नको. तिसरी क्रॅबट्री. सुरुवात जवळपास २,२०० मीटर, पहिलं तळं तीन मैलांच्या आत, आणि झोपायची उंची २,३००-२,४०० मीटरच्या दरम्यान. ही घेतली.

क्रॅबट्रीहून आधी कॅम्प लेक लागतं. लहानसं, सगळे तिथेच थांबतात म्हणून गजबजलेलं. तिथून पुढे एक फाटा डावीकडे बेअर लेकला जातो, सुरुवातीपासून साडेचार मैलांच्या आसपास. बेअर लेक मोठं, काठाला चांगला खडक, तोंडाशी दगडी बांध. असे अठरा छोटे बांध या भागात १९२० च्या दशकापासून बांधले गेले. उन्हाळ्याच्या शेवटी ओढे आटू नयेत आणि ट्राउट मासे जगावेत म्हणून. मूळ वाट तशीच पुढे गेली की दोन-तीन दमदार चढउतारांनंतर पायूट मेडो आणि पायूट लेक, सुरुवातीपासून आठ मैलांच्या पुढे.

इथे एक नियम आखणीच्या मध्येच येऊन बसतो. कॅम्प लेक आणि बेअर लेकवर एका फेरीत एकच रात्र राहता येतं. बरेच जण "दोन रात्री बेअर लेक" असं मनाशी ठरवून जातात आणि परमिटच्या खिडकीवर अडकतात. कोटा नाही याचा अर्थ नियम नाहीत असा नाही. गर्दी आवरायची दुसरी तऱ्हा इथे वापरली आहे, एवढंच.

म्हणून दोन आराखडे केले. पहिला: शनिवारी बेअर लेक, रविवारी पायूट लेक, सोमवारी एका दमात परत. दुसरा: शनिवारी बेअर लेक, रविवारी दिवसभर ओझं न घेता आसपास भटकायचं, दुपारनंतर तंबू उचलून कॅम्प लेकला मुक्काम, सोमवारी तीन मैलांत गाडी. दोन्ही परमिटात बसतात. यातलं कुठलं करायचं ते रविवारी सकाळी आठला ठरवायचं, घरी बसून नाही.

आणि ते कुणी ठरवायचं, हेही आधी ठरवलं. जोडप्यांच्या ट्रेकमध्ये घोडं पेंड खातं ते इथे. मित्रांच्या टोळीत एखादा बसला तर बाकीचे त्याच्याबरोबर बसतात, कुणाला वाईट वाटत नाही. नवरा-बायको असले की एकाला दमायला झालेलं दुसऱ्याला सांगवत नाही, आणि दुसऱ्याला ते दिसूनही विचारवत नाही. मी दोघांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: दोघांपैकी कुणीही "मागे फिरू" म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही, आणि घरी आल्यावर आठ दिवस तो विषय काढायचा नाही. भाऊ हसला. ती हसली नाही. तिने "हे लिहून पाठवा" म्हटलं.

गुरुवार

गुरुवारचा दिवस फोन आणि सामानात गेला. इमिग्रंटचं परमिट जिथे मिळतं त्या पाइनक्रेस्टच्या रेंजर स्टेशनला फोन करून त्या आठवड्याची आगीबद्दलची बंधनं विचारून घेतली. हे फोनवरच विचारावं, कारण ऑगस्टात ती आठवड्याला बदलतात. २०१३ च्या ऑगस्टात याच स्टॅनिस्लॉस वनात एका शिकाऱ्याने बेकायदा पेटवलेल्या शेकोटीतून रिम फायर नावाचा वणवा भडकला आणि अडीच लाखांहून जास्त एकर जळाले. २०१८ च्या ऑगस्टातल्या डॉनेल आगीत हायवे १०८ वरचं डार्डनेल रिसॉर्ट बेचिराख झालं. २०२१ मध्ये तर ऑगस्टच्या अखेरीपासून कॅलिफोर्नियातली राष्ट्रीय वनं काही काळ सरसकट बंद ठेवली होती. त्यामुळे आगीच्या बातम्या आणि धुराचा नकाशा हा आखणीचा भाग धरायचा, आणि शुक्रवारी दुपारी निघण्याआधी पुन्हा बघायचा.

त्या आठवड्यात लाकडाच्या शेकोटीला बंदी होती, बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी चालणार होती. पण शेगडीलाही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन, फुकट, चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतं आणि वर्षअखेरपर्यंत चालतं. भावाने ते गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काढलं. परमिट मिळत नाही म्हणून बसलेल्या माणसाच्या हातात पहिलं परमिट आलं ते असं.

सामान. तंबू आणि दोन स्लीपिंग बॅग माझ्याकडच्या. रात्री हवा सहा-सात अंशांपर्यंत उतरते, म्हणून ऑगस्ट असला तरी जाड मोजे आणि कानटोपी. पाणी गाळायचं फिल्टर. सिएरातलं पाणी आरशासारखं दिसलं तरी पोट बिघडवणाऱ्या जिआर्डिया जंतूची भीती असते. दोघांच्या सॅका भरून तराजूवर ठेवल्या: त्याची तेरा किलो, तिची नऊ. जोडप्याचा फायदा हाच, की तंबू, शेगडी, फिल्टर एकच लागतं. तोटाही तोच: फिल्टर एकाकडे, दुसरा वाट चुकला तर तो कोरडा. म्हणून तिच्याकडे क्लोरीनच्या गोळ्या, स्वतंत्र नकाशा आणि शिट्टी दिली. फोनवर नकाशे उतरवून घेतलेच, पण कागदी नकाशा रेंजर स्टेशनवर विकत घ्यायला सांगितलं.

बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, भाड्याने आणला. योसेमिटीत तो सक्तीचा आहे; इमिग्रंटमध्ये मी तो स्वतःपुरता सक्तीचाच धरते. सव्वा किलोच्या घरात वजन, उचलायला अवजड, आणि आत जागा इतकी मोजकी की स्वयंपाकघराचा सगळा विचार त्याच्या आकाराने करावा लागतो. खाणंच नाही, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, डासांचं मलम, सगळं त्यातच. अस्वलाला हिंगाचा वास किती लांबून येतो ते मला ठाऊक नाही, पण आमच्या मसाल्याच्या डब्याचा वास मलाच तंबूबाहेर येतो.

मराठी घरातून निघालेल्या सॅकेत काय जावं यावर मी एक छोटं व्याख्यान दिलं. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. डाळ शिजत नाही, भात अर्धवट राहतो, आणि गॅस मात्र संपतो. म्हणून खिचडी शिजवायचा बेत रद्द. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं की होणारे प्रकार घ्यायचे: भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, पातळ पोह्यांचं पाकीट, मॅगी, सूप. मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली कशावरही घातली की जेवण होतं. दशम्या पहिल्या दोन जेवणांना. शेंगदाण्याचे लाडू आणि गूळपोळी दिवसभराच्या तोंडात टाकायला. कमी जागेत जास्त ऊर्जा मिळते आणि चुरा झाला तरी बिघडत नाही. चकली आणि चिवडा नको, डब्यात हवाच जास्त भरली जाते.

शौचाचं सांगायला लोक लाजतात, पण नवख्यांना हेच माहीत नसतं. पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा ते आठ इंच खड्डा, माती लोटून बुजवायचा, कागद पिशवीत घालून परत आणायचा. छोटं फावडं यादीत वरच्या ओळीत.

शेवटचं: मी घरची माणूस. त्यांच्या परमिटाचा फोटो, गाडीचा नंबर, दोन्ही आराखडे माझ्याकडे. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर मी वाट बघणार, रात्री नऊपर्यंत आला नाही तर टुअलमी काउंटीच्या शेरिफला कळवणार. शोधपथक त्यांच्याकडूनच निघतं. या वेळा कागदावर लिहिल्या, कारण काळजीत असलेल्या माणसाला नऊ वाजलेत की साडेनऊ हे स्वतःच्या मनाने ठरवता येत नाही.

काय झालं

शुक्रवारी तीनला निघून आल्टमाँट, ट्रेसी, मँटिका असा रडतखडत रस्ता. ओकडेल ओलांडलं की पुढे योसेमिटी जंक्शनला हायवे १२० उजवीकडे वळतो आणि जवळजवळ सगळ्या गाड्या तिकडे वळतात. हे दोघं १०८ वर सरळ सोनोरा गावाला (त्याच नावाची खिंड बरीच पुढे). मुक्काम सोनोराच्या मोटेलात. थेट वर जाऊन वनात तंबू ठोकता आला असता, पण अंधारात अनोळखी कच्च्या रस्त्यावर जागा शोधण्यापेक्षा गादीवरची झोप बरी, आणि परमिटही सकाळीच मिळणार होतं.

शनिवारी खिडकी उघडल्या उघडल्या पाइनक्रेस्टला पोचले. परमिट मिळायला दहा मिनिटं लागली. रेंजरने एका रात्रीचा नियम सांगितला, शेकोटीची बंदी सांगितली आणि दोन्ही आराखडे ऐकून घेतले. भावाला हे फार विशेष वाटलं. तीन दिवस ज्या कागदासाठी तो कपाळ बडवत होता, तो कागद एक बाई हसत हसत देत होती. डॉज रिजच्या रस्त्याने क्रॅबट्रीला पोचेपर्यंत गाड्यांचा तळ भरत आलेला. दहाच्या सुमारास पायवाटेवर.

कॅम्प लेकला जेवण, तीनच्या आत बेअर लेक. पाण्यापासून शंभर पावलं मागे खडकावर तंबू. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं ते त्याचं, तिचं नाही. सह्याद्रीत दहा वर्षं फिरलेल्याचं दुखलं आणि हाफ मॅरेथॉनवाली मजेत, याचा फिटनेसशी संबंध नसतो. उंची कुणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही. पाणी, सूप, एक पॅरासिटामॉल आणि लवकर झोप.

रविवारी आठला तिने विचारलं. त्याने "ठीक आहे" म्हटलं, पण नाश्त्याचा उपमा अर्ध्यावर ठेवून. ती म्हणाली, "मागे फिरू." करार असा होता की कारण विचारायचं नाही. त्याने विचारलं नाही, फक्त अकरा वाजेपर्यंत कुणाशी बोलला नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यात तिचं काही बिघडलं नाही; तिने तोवर तळ्यात दोनदा डुंबून घेतलं.

दुपारपर्यंत त्याचं डोकं उतरलं. दोघं ओझं न घेता वरच्या ग्रॅनाइटच्या पठारांवर भटकले. दोनच्या सुमारास पूर्वेकडे ढग चढायला लागले तसे खाली आले, तंबू गुंडाळला आणि कॅम्प लेकला उतरले. वीज लांबच कडाडली, पाऊस चार थेंब. हीच वेळ पहिल्या आराखड्यात पायूटच्या अलीकडच्या उघड्या चढावरची होती. त्या दिवशी तिथे काय झालं असतं ते सांगता येणार नाही, पण दुपारच्या ढगांच्या वेळी उघड्या खडकावर नसणं केव्हाही चांगलं. कॅम्प लेकला पाच-सहा तंबू होते. एकांत बेअर लेकला मिळाला, इथे नाही. तिने ते मान्य केलं.

सोमवारी साडेनऊला गाडीपाशी. मला फोन आला तो सोनोराहून, दुपारी बारा वाजता, तोंडात बर्गर असताना.

आखणीतलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, ते नंतर बसून बघितलं. सोनोराचा मुक्काम, आठ वाजताचा निर्णय आणि करार या तीन गोष्टी सर्वांत कामी आल्या. क्लोरीनच्या गोळ्या, शिट्टी, तिचा वेगळा नकाशा सॅकेतून बाहेर निघालेच नाहीत, तरी पुढच्या वेळीही जाणारच. खाण्यातलं जवळजवळ एक तृतीयांश परत आलं. उंचीवर पहिल्या दिवशी भूक मरते हे त्यामागचं एक कारण. दुसरं, माझ्या यादीत नसलेली चकली भावाने कॅनिस्टरमध्ये कोंबली होती, आणि तिला जागा करायला दोन सुपांची पाकिटं बाहेर काढून घरी ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी डोकं धरून बसलेल्या माणसाला हवं होतं ते सूप. उरलेलं एक पाकीट तिने त्याला दिलं, आणि चकली तिने खाल्ली.

खर्चाचं म्हणाल तर परमिटांना शून्य. पैसे गेले ते पेट्रोल, मोटेलची एक रात्र, कॅनिस्टरचं भाडं, गॅसचा डबा आणि नकाशा एवढ्यावर.

भाऊ आता पुढच्या ऑगस्टसाठी योसेमिटीच्या लॉटरीची तारीख शोधतोय. चोवीस आठवडे मागे मोजले तर फेब्रुवारीच्या शेवटी अर्ज टाकावा लागेल, तेव्हा मी त्याला आठवण करून द्यायची आहे. तिने मला वेगळा फोन करून विचारलं, पायूट लेकला जाताना पहिली रात्र कॅम्प लेकच्या पुढे कुठे काढता येईल. पाइन व्हॅलीच्या वाटेने गेलात तर, असं म्हणून मी नकाशा काढून बसले.